मांडीवरचा कीबोर्ड

कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी मी दारात उभी राहिले की निम्मी गिऱ्हाइकं माझ्या खांद्यावरून मागे बघतात. "सर येतायत ना?" सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. आता मी म्हणते, "सर आलेत, चप्पल काढतायत," आणि चप्पल काढून आत जाते.

नेरूळला माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एका सोसायटीच्या जिन्याखालचा गाळा. दोन माणसं आत आली तर तिसऱ्याला बाहेरून बोलावं लागतं. भिंतीवर एकच फ्रेम आहे, बी.एस्सी.च्या पदवीची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील परभणीकडून इथे आले ते सेंटरिंगच्या कामाला. त्यांनी फळ्या ठोकून उभ्या केलेल्या सोसायट्यांमध्ये आज मी कॉम्प्युटर दुरुस्त करायला जाते, आणि गेटवरचा वॉचमन "कोणाकडे?" म्हणून विचारतो. आई अजून माझं नाव घेत नाही. "आमची बीएस्सी आली का घरी?" असं शेजारी विचारते. दुकानात पदवी कशाला लावायची, असं एकजण मला म्हणाला होता. मी म्हटलं, डॉक्टर लावतात तेव्हा तुम्ही विचारता का?

आता धंद्याचं सांगते. व्हायरस आणि हार्डडिस्क यांच्यानंतर लोकांचा सगळ्यात मोठा घोळ असतो तो ब्लूटूथचा. "आमच्याकडे वायफाय आहे, मग ब्लूटूथ का नाही?" असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. म्हणजे आमच्याकडे गॅस आहे, मग दूध का नाही, असं झालं. मोबाईलमध्ये, लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ आतच बसवलेलं येतं. टेबलाखालच्या डेस्कटॉपमध्ये, त्यातून तो जुना असेल तर, बहुतेकदा नसतंच. मग त्याला डोंगल लावायचा. डोंगल म्हणजे नखाएवढा तुकडा, यूएसबीच्या खाचेत बसतो. तो एक छोटा रेडिओ असतो. बिनवायरचा कीबोर्ड, माउस, हेडफोन हे सगळे त्या रेडिओशी बोलतात. दोघांची एकदा ओळख करून द्यायची, की पुढे ते आपापसात बघून घेतात.

ओळख चुकली की गंमत होते. वाशीच्या एका आजोबांनी मला घाबरेघुबरे होऊन बोलावून घेतलं. त्यांच्या नव्या हेडफोनमधून भजनाऐवजी एक बाई रडताना ऐकू येत होती. हेडफोनची ओळख त्यांच्या कॉम्प्युटरशी झालीच नव्हती, ती झाली होती शेजारच्या टीव्हीशी, आणि तिथे मालिका चालू होती. मी ते जुळवून दिलं, तर आजोबा हळूच म्हणाले, "एवढा भाग संपल्यावर केलं असतं तरी चाललं असतं."

तर असं हे काम. चहा गार व्हायच्या आत होणारं. काशिनाथ तांडेलचं कामही मी तसंच समजून हातात घेतलं होतं.

माझ्याकडे ते आणलं त्याच्या बायकोनं. भारती इथल्याच सारसोळे गावची, नेरूळच्या मार्केटात मासळी विकते. मी तिच्याकडून बोंबील घेते, त्यामुळे ओळख होती. दुपारी पाटी रिकामी करून ती दुकानात आली, काखेत पुठ्ठ्याचं खोकं.

"ताई, ह्यो बिनवायरचा कीबोर्ड हाय. पुतन्यानं ऑनलाइन मागवला. पन शेठच्या कंप्युटरला लागत नाय म्हनतात."

"कुठले शेठ?"

"कलंबोलीचे. आमचे हे तिथं बिलं बनवतात ना. बनवायचे."

"बनवायचे" म्हणताना ती रस्त्याकडे बघत होती.

काशिनाथ कळंबोलीच्या लोखंड बाजारात ठाकूर शेठकडे बिलिंग करायचा. आधीच्या वर्षी माल मोजताना ट्रेलरवरून पडला, कंबरेखालची ताकद गेली. हॉस्पिटल झालं, व्हीलचेअर आली. शेठ माणूस वाईट नाही. त्यानं सांगितलं, "तू घरी बस, पगार घरी येल." पण काशिनाथनं ऐकलं नाही. "घरी पगार मेलेल्याचा येतो," म्हणाला. मग शेठनं रोज टेम्पोनं आणायची-सोडायची व्यवस्था केली आणि काशिनाथ पुन्हा ऑफिसात आला.

अडचण तिथून पुढे होती. शेठचं ऑफिस म्हणजे एक जुना कंटेनर, दार-खिडकी कापून एसी बसवलेला. टेबल आतल्या टोकाला, आडवं, जमिनीला वेल्डिंग केलेलं. टेबलामागच्या खुर्चीपर्यंत व्हीलचेअर जातच नव्हती. मग मॉनिटर उलटा फिरवला आणि काशिनाथ टेबलाच्या पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी बसू लागला, कीबोर्ड मांडीवर. कीबोर्डाची वायर लांबवली, तर ती चाकाखाली आली. पुन्हा लांबवली, तर हमालाच्या पायात अडकली आणि कीबोर्ड जमिनीवर. म्हणून हा बिनवायरचा.

"तुमाला जमेल ना ताई?" भारतीनं विचारलं.

"अगं, नखाएवढी वस्तू लावायचीय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून कळंबोलीला गेले. लोखंड बाजारात पहिल्यांदा जाणाऱ्याला सांगते, कानात कापूस घालून जा. क्रेन प्लेट सोडते तेव्हा आवाज कानात नाही, दातांत येतो. ठाकूर शेठ दारातच उभा होता. त्याच्यासारखे लोक मूळचे इथल्याच गावांतले. भातशेतीच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, मग कुणी बिल्डर झाला, कुणी गाड्या घेतल्या, ठाकूर शेठ लोखंडात आला. माणूस समोर आला तरी आधी त्याची जाडी किती एमएम आहे, हे बघावं तसा बघायचा.

"सर नाय आले?"

"चप्पल काढतायत."

आतून कुणीतरी खो खो हसलं. तो काशिनाथ. चाळिशीचा, खांद्यानं रुंद, मांडीवर एक फळी आणि फळीवर तो नवा कीबोर्ड, पूजेला बसल्यासारखा.

मी कॉम्प्युटर शोधू लागले. मॉनिटर दिसला, प्रिंटर दिसला, मुख्य डबा कुठे दिसेना.

"पेटीत हाय," शेठ म्हणाला, आणि टेबलाखाली बोट दाखवलं.

तिथे एक लोखंडी पेटी होती. तिजोरीच म्हणा ना. मागे वायरी जाण्यापुरतं भोक, बाजूला हवेसाठी बारीक फटी, पुढे दार आणि दाराला कुलूप. शेठनं खिशातून किल्ली काढून दार उघडलं. आत बिचारा कॉम्प्युटर.

"आधीचा एक चोरीला गेला. आनि इथं लोखंडाची धूळ किती, बगताय ना? मंग मी सोता उभा राहून पेटी बनवून घेतली. तीन एमएमची प्लेट हाय. गाडी घातली तरी वाकनार नाय."

"लॅपटॉप घेतला असता तर?"

"लॅपटॉप कोन पन बगलेत मारून नेल."

मी वाकून मागच्या खाचेत डोंगल बसवला, कीबोर्डाशी ओळख करून दिली. काशिनाथनं एक जुनं बिल काढून सगळं पुन्हा टाइप केलं. बोटं पाण्यासारखी चालत होती. चहा आला, तो गरम असतानाच माझं काम संपलं. मी स्वतःवर खूश होऊन घरी आले.

संध्याकाळी भारतीचा फोन. "ताई, आकडे खातोय तो."

"कोण?"

"कीबोर्ड. धा दाबले तर आठ उठतात, असं म्हनतात हे."

दोन दिवसांनी पुन्हा गेले. पेटी उघडून घेतली. डोंगल बदलला, दुसऱ्या कंपनीचा लावला. कीबोर्डात नवे सेल घातले. प्रोग्रॅम पुसून परत टाकला. काशिनाथला म्हटलं, आता मारा. त्यानं भराभरा मारले. एक आकडा गेला नाही. तासभर बसले, तरी नाही. आमच्या धंद्यात याच्याइतका वाईट दोष नाही. बंद पडलेली वस्तू बरी, निदान ती बंद असते. मेकॅनिक समोर असला की चालणारी आणि पाठ फिरली की रुसणारी वस्तू माणसाचा विश्वास खाते. आधी मेकॅनिकवरचा, मग स्वतःवरचा.

हे दुसरं मला तेव्हा उमगलं नव्हतं. मी बॅग भरत होते. शेठ बाहेर कुणाला तरी ओरडत होता. काशिनाथनं आवाज खाली आणला.

"मॅडम, एक विचारू? बोटं नीट दाबत नसतील, तर ते कंप्युटरला कलतं का?"

"म्हणजे?"

"म्हंजे मना वाटतं मी दाबलं. पन बोटानं दाबलंच नसंल, तर?" त्यानं दोन्ही हात फळीवर उलटे ठेवले होते आणि त्यांच्याकडे बघत होता. "पायांचं पन असंच झालेलं. मना वाटायचं हलवला. डॉक्टर बोलायचा, नाय हलला."

"छे हो, काहीतरीच काय," असं म्हणून हसले आणि निघाले. अजून ते हसू मला आवडत नाही. शिकलेल्या माणसाला उत्तर येत नसलं की तो असा हसतो.

"घरी बोलू नका," त्यानं मागून सांगितलं. "ती घाबरंल."

त्यानंतरच्या आठवड्यात व्हायचं ते झालं. पुण्याकडे निघालेली गाडी वाटेत अडवली. माल रस्त्यानं नेताना सोबत जो सरकारी कागद लागतो, त्यात वजनाचं एक शून्य कमी पडलं होतं. गाडीत माल भरपूर आणि कागदावर चिमूटभर. शेठला स्वतः जाऊन ती सोडवावी लागली. परत आल्यावर तो काशिनाथला एक शब्द वाकडा बोलला नाही. उलट शेजारी बसून म्हणाला, "काशी, तुझी चूक नाय. पन आता तू आराम कर. सोमवारपासून माझा भाचा बसंल इथं."

भारती हे सांगायला आली तेव्हा तिच्या पाटीत अजून मासे होते. मार्केट अर्ध्यावर सोडून आली होती.

"ह्यो कीबोर्ड तुमीच ठेवा ताई. पैशे नको. घरात दिसला की ते त्याच्याकडं बगत बसतात. रातचं जेवले पन नाय."

"आज शनिवार ना?" मी म्हटलं. "आज ते ऑफिसात आहेत?"

"हायत. भाच्याला काम समजवायचं म्हनून कागद लावून ठेवतायत."

मी कीबोर्ड तिच्याच खोक्यात घातला, खोकं स्कूटरला बांधलं आणि दुकानाचं शटर ओढलं. एक गोष्ट मनाशी ठरवली होती. या वेळी कशाला हात लावायचा नाही. दोनदा जाऊन मी काय केलं होतं? गेले की लगेच पेटीत डोकं घातलं. माणसं माझ्या गैरहजेरीत काम कसं करतात, हे एकदाही बघितलं नव्हतं.

शेठ यार्डात होता. काशिनाथनं मला बघून नुसती मान हलवली. पेटी उघडीच होती, त्या सकाळी शेठनं आतली धूळ झाडायला घेतली होती आणि मधेच क्रेनवाल्यानं हाक मारली होती. मी कीबोर्ड काशिनाथच्या फळीवर ठेवला.

"आता कशाला?" तो म्हणाला.

"बाहेर दोन गाड्या उभ्या आहेत. त्यांची बिलं कोण करणार, मी?"

"शेठ करतील हातानं."

"तुम्ही करा. मी नुसती बसते. मी नाहीच आहे असं समजा."

मी दाराजवळच्या स्टुलावर बसले. तो टाइप करू लागला, आधी एकेक बोट, परीक्षेला बसल्यासारखा. पार्टीचं नाव, गाडीचा नंबर, पत्र्याची जाडी. सगळं बरोबर. हळूहळू बोटं सैल झाली, वेग आला. पहिलं बिल पुरं. एकही आकडा गेला नाही. दुसरं अर्ध्यावर असताना शेठ हात पुसत आत आला. मला बघून थांबला.

"मॅडम, कशाला तरास घेता? भाचा येतोय ना."

बोलता बोलता त्यानं पायानं पेटीचं दार ढकललं, वाकून किल्ली फिरवली, खिशात टाकली. आपण घरात शिरल्यावर दार लोटतो ना, तितक्या सहज. बोलणंही थांबलं नाही त्याचं.

काशिनाथची बोटं थांबली.

"गेला," तो म्हणाला. "परत गेला. दोन शून्य मारलेले." आणि त्यानं हात फळीवरून उचलून मांडीवर ठेवले, आपलेच नसल्यासारखे.

मी उठले. "शेठ, आत्ता काय केलंत तुम्ही?"

"मी? काय नाय केलं."

"पेटी उघडा."

"पेटी कशाला? तिला काय झालंय? नवीकोरी हाय."

"उघडा तर."

त्यानं उघडली. "काशिनाथभाऊ, शून्य मारा. मारत राहा."

टक टक टक टक. पडद्यावर शून्यांची रांग.

"आता बंद करा. कुलूप लावा."

टक टक टक टक. एक शून्य, मग काही नाही, मग एकदम दोन, मग काही नाही.

"उघडा."

रांग.

शेठनं मला न विचारता स्वतःच दार लावलं, उघडलं, लावलं. फ्रीजचा दिवा खरंच विझतो का, ते बघणाऱ्या मुलासारखा. मग माझ्याकडे वळला. "म्हंजे माझ्या लोखंडानं खाल्ले आकडे?"

मी समजावलं. डोंगल आणि कीबोर्ड रेडिओनं बोलतात आणि लोखंड त्या रेडिओला अडवतं. लिफ्टचं दार लागलं की मोबाईलवरचा आवाज तुटतो, तसंच. पेटी पुरी बंद असती तर कीबोर्ड पहिल्याच दिवशी मेला असता आणि मला लगेच कळलं असतं. पण हवेच्या फटींतून थोडं थोडं आत-बाहेर होत होतं, म्हणून काही आकडे पोचत, काही नाही. मी आले की पेटी उघडी, सगळं ठीक. मी गेले की शेठ प्रेमानं कुलूप लावणार, आणि आकडे गायब. दुसऱ्या कुठल्याही बाजारात ही पेटी प्लायवूडची असती आणि मला तिसऱ्यांदा यावं लागलं नसतं.

"तीन एमएम हाय ना," शेठ म्हणाला. इतक्या गोंधळातही आवाजात थोडा अभिमान होताच.

उपाय साधा होता. बॅगेतून यूएसबीची एक्स्टेन्शन वायर काढली, पेटीच्या मागच्या भोकातून वर घेतली आणि डोंगल तिच्या टोकाला लावला. पेटी बंद, कुलूप बंद, धुळीला आणि चोराला तोंड बंद, फक्त रेडिओ बाहेर. आता ते टोक लोखंडापासून जरा दूर टेकवायचं होतं. शेठ जागा शोधू लागला. टेबल लोखंडाचं, कपाट लोखंडाचं, भिंती कंटेनरच्या. देव्हारासुद्धा पत्र्याचा.

"आयला," तो म्हणाला, "एवढा माल हाय माझ्याकडं, आनि एक लाकडाची पट्टी नाय."

शेवटी कीबोर्डाचंच पुठ्ठ्याचं खोकं टेबलावर उभं केलं आणि टोक त्याला चिकटपट्टीनं लावलं. दिसायला काही खास नव्हतं. पण कुलूप लावलेल्या पेटीसमोर काशिनाथनं शून्य मारायला सुरुवात केली आणि ती रांग थांबेचना.

तो मात्र अजून पडद्याकडे बघत नव्हता. हातांकडे बघत होता. उजव्या हाताचं एकेक बोट वेगळं वेगळं दाबून पाहिलं, मग डाव्याचं. करंगळीसुद्धा. प्रत्येक बोटाचा आकडा पडद्यावर उठत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "बोटं दाबतात."

"पहिल्यापासून दाबत होती," मी म्हटलं. या वेळी हसले नाही.

शेठला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, काशिनाथ कीबोर्डाचं कौतुक करतोय. "दाबनारच ना! मंग आता बसलायस काय? बाहेर डायवर बोंबलतायत, दुसरं बिल कोन करनार, भाचा?" असं तो भर ऑफिसात ओरडला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. दाराबाहेरून ऐकू आलं, "अरे, सोमवारी नको येऊस. नाय, गरज नाय. हाय आमचा मानूस."

मला इतकं हलकं वाटलं की एक्स्टेन्शन वायरीचं बिल करायचं राहून गेलं. ते आईला सांगू नका.

मी बॅग भरत होते तेव्हा काशिनाथनं प्रिंटरमधून कागद काढला, वजनावर बोट ठेवून तीनदा वाचला आणि ड्रायव्हरला दिला. मग मोबाईल मांडीवरच्या फळीवर ठेवून भारतीला लावला. स्पीकर चालू होता, त्यामुळे मी ऐकलं.

"भारती, हाताला काय नाय झालेलं."

"हाताला?" पलीकडे मार्केटचा गलका होता. "हाताला काय व्हनार होतं?"

काशिनाथनं पुढच्या बिलाचा कागद समोर ओढला.

"काय नाय," तो म्हणाला. "आज उशीर होईल मना. दोन गाड्या भरायच्या हायत अजून."

गलक्यातून तिनं एका गिऱ्हाइकाला भाव सांगितलेला ऐकू आला. मग म्हणाली,

"बरं. जेवन झाकून ठेवते."